सुकतीत अडकलेली सकाळ

लवूचा फोन आला तेव्हा श्रिया कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांच्या प्रात्यक्षिकाच्या वह्या तपासत होती.

"म्याडम, तुमचो तो पक्षी इलो आसा," लवू म्हणाला. "काळो-पांढरो. कुर्ल्यो खाणारो. काल बगलंय, आज परत बगलंय. तीन आसत."

श्रियाच्या हातातलं लाल पेन वहीवरच थांबलं.

"नक्की तोच?"

"आता तोच काय दुसरो, ता तुमी येवन बगा. माका नाव म्हायत नाय. कुर्ल्यो खाता इतक्या म्हायत."

लवू आरोंद्याचा. तेरेखोलच्या खाडीत होडी चालवायची, जाळं टाकायचं आणि पावसाळ्यात खाडीकाठच्या खाजणात भात लावायचा, यात त्याची साठ वर्षं गेली होती. श्रिया कणकवलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची. पाऊस ओसरून उत्तरेकडचे पाणपक्षी उतरू लागले की ती दर रविवारी आरोंद्याला यायची आणि लवूच्या होडीतून खाडीभर हिंडायची. पाच वर्षांत दोघांची चांगली गट्टी जमली होती.

दोन वर्षांपूर्वी, अशाच एका ऑक्टोबरात, खाडीच्या मुखाजवळच्या वाळूच्या पट्ट्यावर तिला एक पक्षी दिसला होता. पांढराशुभ्र अंग, पाठीवर काळा पट्टा, जाड काळी चोच. सूर्य समोर होता, अंतर बरंच होतं आणि कॅमेरा नेमका दुरुस्तीला गेलेला. दुर्बिणीतून मिनिटभर पाहिला आणि तो उडाला. क्रॅब प्लोव्हर! इराण-ओमानकडच्या वाळूत बिळं खणून अंडी घालणारा आणि खेकड्यांवर जगणारा पक्षी. थंडीत त्यातले थोडे आपल्या किनाऱ्यावर येतात, पण या खाडीत तो कुणी पाहिल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं. तिने त्याच संध्याकाळी जिल्ह्यातल्या पक्षीनिरीक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळं लिहून टाकलं. तिचा आनंद पोटात मावत नव्हता.

दहा मिनिटांत भाईंचं उत्तर आलं. 'फोटो नाही. अंतर जास्त. प्रकाश समोरून. हा कालवफोड्या असावा. नोंद धरता येणार नाही.' कालवफोड्याही काळा-पांढराच, पण त्याची चोच लाल, आणि तो इथे दर वर्षी येतो.

भाईंचं खरं नाव काशिनाथ, पण त्या नावाने त्यांना हाक मारणारं कणकवलीत आता कुणी उरलं नव्हतं. तीस वर्षं ते एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी तीच शिस्त पक्ष्यांना लावली. कुठला पक्षी कोणत्या तारखेला, किती वाजता, कुठे दिसला याची एक जाडजूड वही त्यांच्याकडे होती आणि त्या वहीत उतरलं तेच खरं, असं जिल्हाभर मानलं जायचं. त्यांचा शब्द पडल्यावर ग्रुपमधल्या इतरांनाही जोर चढला. एकाने हसरे चेहरे टाकले. दुसऱ्याने विचारलं, 'कावळा चुन्यात पडला होता काय?' त्या दिवसापासून श्रियाने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. भाईंशी बोलणंही बंद. बाजारात भेट झालीच तर दोघंही मान हलवायची आणि आपापल्या वाटेने जायची.

लवूचा फोन ठेवल्यावर ती बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. या खेपेला कॅमेरा चांगला होता. गुपचूप जायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकून सगळ्यांची तोंडं बंद करायची, असं तिच्या मनात आलं. मग वाटलं, त्यात मजा काय? जो माणूस नाही म्हणाला त्यानेच तिथे उभं राहून बघायला हवं. तिने भाईंचा नंबर लावला.

"भाई, श्रिया बोलतेय."

पूर्वी ते 'बोल गो बाय' म्हणायचे. आज म्हणाले, "बोला."

"उद्या रविवार आहे. आरोंद्याला येता का? लवूला तीन पक्षी दिसलेत. त्याच जागी."

"फोटो काढून पाठवा. बघू."

"फोटो नाही पाठवणार. तुम्ही या. स्वतःच्या डोळ्यांनी बघा आणि काय आहे ते तिथल्या तिथे सांगा."

"आणि कालवफोड्या निघाला तर?"

"तर ग्रुपवर तसं मीच लिहीन."

पलीकडे पान उलटल्याचा आवाज आला; भाई पंचांगात भरती-ओहोटी बघत असणार. "गाडी किती वाजता आणणार?"

"पावणेपाचला."

"साडेचारला आणा," भाई म्हणाले आणि फोन ठेवला.

पहाटे ते दारातच उभे होते. पायांत सँडल, डोक्याला कानटोपी आणि मोठी दुर्बीण तान्ह्या पोरासारखी छातीशी धरलेली. तिपाई मागच्या सीटवर आडवी ठेवली आणि गाडी निघाली. कुडाळ गेलं, सावंतवाडी गेली. त्या सत्तर किलोमीटरांत भाई दोनच वाक्यं बोलले. एक, "पुढे गतिरोधक आहे." आणि दुसरं, "हाही गतिरोधकच."

आरोंद्याजवळच्या किरणपाणीच्या धक्क्यावर फटफटत होतं. लवू होडीतलं पाणी उपसत होता आणि त्याची बायको सुगंधा हातात फडक्याची शिदोरी घेऊन उभी होती.

"घावणे आसत, चटणी आसा," ती श्रियाला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "अवो, धा वाजेपर्यंत येवा हां. भात कापून पडलो आसा. झोडूक कोण येतलो? पक्षी?"

"येतांव गे," लवू म्हणाला आणि त्याने होडी लोटली.

धुकं पाण्यावरून हलकेच सरकत होतं. दोन्ही काठांची खारफुटीची कांदळं नुकती कुठे हिरवी दिसू लागली होती. कुठून तरी कुरल ओरडला, लांबलचक, वर चढत जाणारी शीळ घालत, आणि भाईंनी लगेच खिशातली वही काढून वेळ लिहिली. श्रियाला हसू आलं, पण तिने तोंड फिरवलं.

"आज वद्य पंचमी," भाई म्हणाले. ते कुणाशी बोलत होते ते कळत नव्हतं. "पाचाची पाऊणपट पावणेचार. पहाटे पावणेचारला भरती, म्हणजे पावणेदहाला पुरी सुकती. साडेआठपर्यंत पाणी भरपूर आहे."

"गणित बरोबर आसा, भाईनू," लवू म्हणाला. "पण ह्या पावसात गाळ किती इलो, ता काय पंचांगात लिवलेला नाय."

ओहोटीला या भागात सुकती म्हणतात. सुकती लागली की खाडी बघता बघता उघडी पडते. आता मधेमधे चिखलाच्या पाठी वर येऊ लागल्या होत्या आणि त्यांवर चिखले, तुतवार अशी बारकी पाखरं मुठीमुठीने उतरत होती. खाडीच्या मुखाजवळ वाळूचा लांब पट्टा दिसला. त्याच्या पलीकडे समुद्राची पांढरी रेघ. पट्ट्याच्या दूरच्या टोकाला काही काळे-पांढरे ठिपके हलत होते.

"थांबव," भाई म्हणाले. त्यांनी हातातली छोटी दुर्बीण लावली. "अजून जवळ घे."

"आणखी फुडे गेलांव तर होडी बसतली, भाईनू."

"दहा हात. फक्त दहा हात पुढे घे."

लवूने श्रियाकडे पाहिलं. तिलाही ते दहा हात हवेच होते. लवूने इंजिन वर उचललं आणि वल्ह्याने होडी पुढे ढकलली. दहाचे वीस हात झाले. मग होडीच्या पोटाखालून एक मऊ, ओला आवाज आला आणि होडी जागच्या जागी उभी राहिली.

"बसली," लवू म्हणाला.

त्याने वल्हं रोवून जोर लावला, मग दुसऱ्या बाजूने लावला. होडी इंचभर हलली नाही. पाणी मात्र हलत होतं. बघता बघता ते होडीच्या कडेपासून मागे सरकत चाललं होतं.

"उतरून ढकलू या," भाई म्हणाले.

"उतरू नकात! थंय चिखल—"

पण तीस वर्षं ज्यांच्या एका शिट्टीवर गाड्या हलल्या, ते भाई कुणाचं ऐकणार? त्यांनी एक पाय बाहेर टाकला, मग दुसरा, आणि मांड्यांपर्यंत खाली गेले. अगदी सरळ, उभेच्या उभे, जमिनीने हळूच गिळल्यासारखे. दोन्ही हात त्यांनी वर धरले होते. एका हातात वही होती.

"वही घे!" ते ओरडले. "आधी वही घे!"

श्रियाने वही घेतली. लवूने होडीतली फळी चिखलावर आडवी टाकली आणि भाईंच्या काखेत हात घालून ओढायला सुरुवात केली. चिखल त्यांना सोडायला तयार नव्हता. शेवटी एक मोठा 'पचाक्' झाला, भाई फळीवर उताणे पडले आणि त्यांचा डाव्या पायातला सँडल कायमचा तेरेखोल खाडीत जमा झाला.

श्रियाने ओठ दाबून धरले, पण भाई फळीवरूनच आभाळाकडे बघत गंभीरपणे म्हणाले, "सात वाजून बारा मिनिटं," आणि तिचा सगळा निर्धार सुटला. ती पोट धरून हसली. लवूही हसला. भाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या. मग स्वतःच्या पायांकडे पाहिलं, आणि मग त्यांचंही पोट हलू लागलं.

"आता काय?" हसणं ओसरल्यावर श्रियाने विचारलं.

"आता बसायचा," लवू म्हणाला. "बारा-सवाबारा वाजतले पाणी परत चढाक. सुगंधा आज माका जेवाक घालूची नाय."

फळीच्या आधाराने ते एकेक करून वाळूच्या पट्ट्यावर गेले. तिथे पायाखाली घट्ट होतं. भाईंनी तिपाई रोवली, मोठी दुर्बीण तिच्यावर चढवली आणि एका पायात सँडल, एक पाय उघडा असे तिच्यामागे उभे राहिले. ठिपके तेवढ्यात उडून समुद्राच्या बाजूला गेले होते. बघायला काहीच नव्हतं. मग लवूने समुद्राकडे तोंड केलं, हात जोडले आणि देवळात गाऱ्हाणं घालतात तशा खड्या आवाजात सुरू केलं.

"बा देवा म्हाराजा!"

भाई न बघताच म्हणून गेले, "व्हय म्हाराजा!"

"आज ही तुझी तीन लेकरां सुकतेर वाळयेत बसली आसत रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" आता श्रियाही त्यात आली.

"तेंका तेंचो पक्षी दाखय, भाईंचो सँडल खंय आसा तो सांभाळ, आणि माझ्या बायलेचो राग वायच कमी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" शेवटचा होकार इतका जोरात झाला की पलीकडच्या कांदळातले बगळे उडाले.

मग शिदोरी सोडली. घावणे अजून कोमट होते. तिघांनी वाळूवर मांडी घालून खाल्लं. खाता खाता श्रियाच्या लक्षात आलं की आपण भाईंशी गेला अर्धा तास नीट बोलतो आहोत. 'चटणी घ्या', 'पाणी देऊ का', इतकंच, पण बोलतो आहोत.

आठच्या सुमाराला पक्षी परत येऊ लागले. माणसं स्थिर बसलेली बघून त्यांची भीड चेपली असावी. आधी तुतवार आले, वाळूवर शिवणयंत्र चालावं तशा चोची मारत. मग चिखल्यांचा एक थवा, मग सुरय. आणि मग पट्ट्याच्या टोकाला ते काळे-पांढरे पक्षी पुन्हा उतरले. पाच होते.

"तू बघ आधी," भाई म्हणाले आणि दुर्बिणीपासून बाजूला झाले.

श्रियाने डोळा लावला. धूसर गोल हळूहळू स्वच्छ झाला. काळी पाठ. पांढरं पोट. पक्ष्याने मान वळवली, आणि पाठीमागून आलेल्या सकाळच्या उन्हात त्याची चोच लालभडक पेटली.

ती तशीच वाकून राहिली. चोच लाल. पाय गुलाबी. दुसऱ्याची चोच लाल. तिसऱ्याचीही. एक पक्षी उडून उगवतीच्या बाजूला आला, तिने दुर्बीण त्याच्यामागे फिरवली, आणि क्षणभर त्याचं सगळं अंग काळोखं दिसलं. उन्हासमोर ही चोच काळीच दिसत होती. दोन वर्षांपूर्वीही सूर्य समोरच होता.

ती सरळ झाली. सांगायला क्षणभर जड गेलं. मग तिने सांगून टाकलं.

"कालवफोडे आहेत, भाई. पाच. तुमचं बरोबर होतं."

भाईंनी दुर्बिणीतून पाहिलं. चांगलं दोन-तीन मिनिटं पाहिलं. "होय," ते म्हणाले. "कालवफोडेच."

"तेव्हाही हाच असेल. मी संध्याकाळी ग्रुपवर लिहिते."

"काय लिहिणार?"

"मी चुकले म्हणून."

भाईंनी डोक्यावरची कानटोपी काढून मांडीवर ठेवली. कपाळावर चिखलाचा एक पट्टा वाळला होता.

"तसं लिहू नको," ते म्हणाले. "आज कालवफोडे होते, इतकीच आजची नोंद. त्या दिवशी काय होतं ते मला माहीत नाही. मी इथे कुठे होतो? 'फोटो नाही' एवढंच लिहून मी थांबायला हवं होतं. 'कालवफोड्या असावा' हे मी कशाच्या जोरावर लिहिलं? घरी आरामखुर्चीत बसून! एखादी गाडी मी बघितली नाही म्हणून ती आलीच नाही, असं मी तीस वर्षांत कधी लिहिलं नाही. तुझ्या पक्ष्याच्या बाबतीत मात्र लिहिलं." त्यांनी कपाळावरचा चिखल नखाने खरवडला. "आणि मग लोक हसले तेव्हा मी गप्प राहिलो. ते जास्त वाईट झालं."

श्रियाने थर्मासमधला उरलेला चहा झाकणात ओतला आणि त्यांच्या पुढे केला. त्यांनी तो घेतला. दोन वर्षं जे मनात ठसठसत होतं ते इतक्या सहज निघून गेलं की तिला स्वतःचंच नवल वाटलं. पक्षी दिसला नाही याची हुरहुर होती, पण छातीवरचं ओझं गेलं होतं.

लवू मात्र मघापासून डोळे बारीक करून टोकाकडे बघत होता.

"म्याडम, ह्ये ते न्हय," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"ह्ये मी दर वर्सा बगतंय. ह्ये कालवां फोडतत. मी सांगलंय ते येगळे. ते कुर्ल्यो खातत. पाय लांब तेंचे. आणि एक जो ल्हान आसा तो सारखो रडता."

"रडतो?"

"रडता म्हणजे काय, पोरां रडतत तसो. शीळ घालता. तुमी बसा. पाणी चढाक लागला की ते खालच्या चिखलावरसून वर सरकतत. कालय तसाच झाला."

म्हणून ते बसले. ऊन तापू लागलं. भाईंनी कानटोपीऐवजी रुमाल बांधला. पावणेदहाला सुकती पुरी झाली. खाडी इतकी उघडी पडली की होडी चिखलाच्या मैदानात कुणीतरी विसरून गेल्यासारखी दिसत होती. दहाला सुगंधाचा फोन आला. लवूने तो उचलला, कानापासून वीतभर लांब धरला, आणि तरीही तिघांनाही सगळं ऐकू गेलं.

पाणी वळलं ते आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. वाळूतल्या एका कोरड्या खळगीत अचानक चकाकी आली, मग दुसऱ्या. समुद्राच्या बाजूने पाण्याची पातळ जीभ चिखलावर चढू लागली, तशी खालची पाखरं थोडी थोडी मागे सरकत तिघांच्या दिशेने येऊ लागली.

आणि मग श्रियाला शीळ ऐकू आली. बारीक, चिकट, न थांबणारी.

"ता बगा," लवू पुटपुटला. "रडता."

भाई दुर्बिणीमागे होते. ते इतके स्तब्ध झाले की श्रियाला क्षणभर काळजी वाटली. मग त्यांच्या तोंडून शब्द फुटले, आणि ते प्रमाण मराठी पार विसरले होते.

"अगो श्रिया! इले गो! इले! तीन आसत! चोच बग, चोच! काळी गो, काळी! बग, बग, बग!"

त्यांनी तिला दंडाला धरून दुर्बिणीपुढे आणलं. चाळीस हातांवर, स्वच्छ उन्हात, एक पक्षी उभा होता. दुधासारखा पांढरा, पाठीवर काळं कापड घडी करून टाकावं तसा पट्टा, निळसर करडे लांब पाय आणि खंजिरासारखी जाड, काळी, चकचकीत चोच. मोठा काळा डोळा. त्यात कसलीही घाई नव्हती. तो चार पावलं धावला, थबकला, पुन्हा धावला, आणि चोच खाली जाऊन वर आली तेव्हा तिच्यात एक कुर्ली नांग्या हलवत होती. पक्ष्याने ती झटकली. एक नांगी उडाली. पुन्हा झटकली. दुसरी उडाली.

त्याच्या मागे धावत आला तो दुसरा, तेवढाच उंच, पण पाठीवर काळ्याऐवजी मळकट करडा. मान आत ओढून, पाठीला पोक काढून, शीळ घालत तो पहिल्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

"पिल्लू!" श्रिया म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "भाई, पिल्लू आहे ते! यांचं पिल्लू इथवर बरोबर येतं. एवढा समुद्र ओलांडून आल्यावरही आई-बाप त्याला भरवतात. मी फक्त वाचलं होतं."

मोठ्याने कुर्ली त्याच्या चोचीत दिली. पिल्लाने गिळली आणि पुन्हा रडायला लागलं.

लवूने पहिल्यांदाच त्या मोठ्या दुर्बिणीला डोळा लावला. आयुष्यभर नुसत्या डोळ्यांनी पक्षी बघितलेला माणूस तो. आधी दचकून मागे झाला, मग पुन्हा वाकला आणि मग हलेचना.

"डोळो बगलास तेचो?" तो हळूच म्हणाला. "माका बगता." आणि थोड्या वेळाने, "आमच्या समर्थासारखो आसा मेलो. पोरगो एकवीस वर्सांचो झालो तरी ताट वाढून व्हया."

श्रियाला एकदम कॅमेऱ्याची आठवण झाली. तिने भराभर फोटो काढले, मग कॅमेरा गळ्यात सोडून दिला आणि नुसतं बघत राहिली. भाई तिच्या शेजारी उभे होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"पन्नास वर्सां पक्षी बगतंय," ते म्हणाले. "ह्यो पयलो. माझो पयलो, गो."

"माझापण," श्रिया म्हणाली. "मागचा धरायचा नाही ना."

"मागच्यासमोर मी प्रश्नचिन्ह लिवतंय. कालवफोड्या म्हणान लिवलेला खोडतंय."

"चालेल," ती म्हणाली, आणि दोघं हसली.

बाराच्या सुमाराला होडी हलली. लवूने हाक मारली, "चला, तरंगली!" पण वाळूवरून कुणी उठेना. पाणी त्यांच्या पावलांना लागलं, घोट्यांना लागलं, पट्टा आक्रसत गेला, आणि पक्षी उरल्यासुरल्या वाळूवर आणखी जवळ आले. भाईंची तिपाई पाण्यात उभी होती. शेवटी लवूनेच येऊन दुर्बीण उचलली, तेव्हा ते त्याच्यामागे निघाले, तेही उलटं चालत, पक्ष्यांकडे तोंड करून.

किरणपाणीच्या धक्क्यावर सुगंधा कमरेवर हात ठेवून उभी होती. पण होडीतून उतरलेली ती ध्यानं, एकाच पायात सँडल घातलेले, कमरेपर्यंत चिखलाने माखलेले भाई, उन्हाने लाल झालेली श्रिया आणि ओठांतल्या ओठांत हसणारा तिचा नवरा, बघून तिचे कमरेवरचे हात खाली आले.

"पयली आंघोळ करा," ती एवढंच म्हणाली. "मगे जेवा. भात दुपारचो झोडतलांव, सगळ्यांनी मिळान."

आणि खरंच सगळ्यांनी मिळून झोडला. बांगड्याचं तिखलं आणि भात खाऊन, लवूची लुंगी नेसून भाई खळ्यात उतरले आणि संध्याकाळपर्यंत पेंढ्या आपटत राहिले. मधेच थांबून ते सुगंधाला पिल्लाची नक्कल करून दाखवत. मान आत, पाठीला पोक, तोंडाने शीळ. तिसऱ्यांदा त्यांनी तसं केलं तेव्हा ती हसता हसता पेंढीवरच बसली.

"इतकी वर्सां मी ह्या खाडयेर रवतंय," ती डोळे पुसत म्हणाली, "माका कधी कोणी दाखवल्यानी नाय."

भाईंनी हातातली पेंढी खाली ठेवली. खरंच होतं ते.

"उद्या सकाळी," भाई म्हणाले.

श्रियाने कॉलेजात एका दिवसाची रजा कळवली. भाईंनी घरी फोन करून रात्री इथेच मुक्काम करत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता होडीत चार माणसं होती, आणि या खेपेला पुढे किती जायचं ते लवू ठरवत होता. त्याने होडी खोल पाण्यात नांगरली. मग चौघं पट्ट्याच्या कडेने पाण्यातून चालत वाळूवर गेली. सुगंधाने लुगड्याचा काष्टा वर खोचला होता.

फार वाट बघावी लागली नाही. तिन्ही पक्षी पट्ट्यावरच होते. श्रियाने दुर्बीण लावून दिली आणि सुगंधाला एक डोळा कसा मिटायचा ते दाखवलं. ती वाकली. पहिल्यांदा म्हणाली, "काय्येक दिसत नाय." मग म्हणाली, "अगो बाय माझे!" आणि तिपाई दोन्ही हातांनी घट्ट धरली. एक मोठा पक्षी धावत होता, थबकत होता, कुर्ल्या पकडून आणत होता. पिल्लू रडत त्याच्या मागे. दुसरा मोठा थोड्या अंतरावर एका पायावर उभा राहून ऊन खात होता.

"ही धावता ती आवस," सुगंधा म्हणाली. "आणि तो उभो आसा तो बापूस."

"तसं सांगता येत नाही हो," भाई म्हणाले. "नर-मादी दोघंही दिसायला सारखीच असतात. आणि भरवतातही दोघं. पुस्तकात तसं स्पष्ट दिलंय."

"पुस्तक ऱ्हवांदे, भाईनू," सुगंधा दुर्बिणीवरचा डोळा न काढता म्हणाली. "माका हयसून सगळा दिसता."

लवूने घसा खाकरला आणि होडी नीट बांधली आहे ना ते बघायला जातो, म्हणून तो पाण्याकडे निघाला. श्रिया आणि भाई इतक्या जोराने हसली की धावणारा पक्षी थबकला, मान वळवून त्याने त्या चौघांकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा कुर्लीमागे धावत सुटला.